कुंडीतील केंटिया

प्रस्तावना

कोकणात किंवा गोव्यात वाढलेल्या माणसाला माड, पोफळ, भेरली माड या झाडांची ओळख करून द्यावी लागत नाही. देशावरच्या माणसाला शिंदी परिचित असते. ही सारी झाडे एकाच कुळातील असून या कुळातील झाडांना 'पाम' म्हणण्याचा प्रघात आता मराठीतही रुळला आहे. पाम म्हटले की समुद्रकिनारा, ऊन आणि दमट हवा हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. असे असूनही, जेथे हिवाळ्यातील दिवस आठ तासांचाही नसतो अशा लंडनसारख्या शहरांतील घरांत एक पाम सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कुंडीत वाढवला जात आहे. त्याचे नाव केंटिया.

हा केंटिया मूळचा कुठला, तो इतका सावकाश का वाढतो आणि थंड प्रदेशात त्याची निगा कशी राखावी, हे या पाठात आपण पाहणार आहोत. पाठ माहितीपर आहे. अशा पाठात सूचना बऱ्याच असतात आणि त्या पाठ करण्याचा मोह होतो. तसे न करता प्रत्येक सूचनेमागे कोणते कारण दिले आहे, याकडे वाचताना लक्ष द्या. सिमला, नैनिताल, दार्जिलिंग अशा थंड गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यांना यातील काही माहिती प्रत्यक्ष वापरताही येईल.

मूळ पाठ

पाम आणि थंडी यांचे वैर सगळीकडे सारखे नाही. आपल्याच देशात, कुमाऊँमधील पिथोरागढच्या परिसरात, सुमारे दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर एका जातीचा पाम हिमवर्षाव सोसून वाढतो. परंतु अशा जाती थोड्या. बहुसंख्य पाम उष्ण प्रदेशातले असून गोठवणारी एक रात्रसुद्धा त्यांच्या जिवावर बेतते.

युरोपातील लोकांना मात्र या झाडांचे आकर्षण फार पूर्वीपासून होते. इटलीतील पादुआ येथे १५४५ साली विद्यापीठाचे वनस्पती-उद्यान स्थापन झाले. त्या उद्यानात १५८५ साली लावलेला एक पाम आजही जिवंत आहे. तो भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरील जातीचा आहे. जर्मन महाकवी गटे याने १७८६ साली तो पाहिला. खालची पाने साधी आणि वरची पंख्यासारखी विभागलेली, असा त्याच्या पानांचा बदलत जाणारा आकार गटेच्या मनात भरला. वनस्पतींच्या रूपांतराविषयी त्याने १७९० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामागील विचारात या झाडाचाही वाटा होता. लोक त्याला 'गटेचा पाम' म्हणतात. त्याच्याभोवती काचेचे अष्टकोनी घर बांधलेले आहे. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक आयुष्य या झाडाला मिळाले ते आडोशाच्या बळावर.

काचेचे घर बांधणे, ते हिवाळाभर उबदार ठेवणे आणि त्यासाठी माणसे नेमणे हे विद्यापीठांना, राजेरजवाड्यांना आणि मोठ्या धनिकांना परवडत होते. शहरातील सामान्य कारकुनाला किंवा शिक्षकाला पाम हवा असेल, तर तो त्याच्या बैठकीच्या खोलीतच जगला पाहिजे. असा पाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका लहानशा बेटावरून युरोपात आला.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर लॉर्ड हाऊ नावाचे बेट आहे. लांबी जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. १७८८ साली एका ब्रिटिश जहाजावरील खलाशांनी ते पहिल्यांदा पाहिले. तोवर तेथे मनुष्यवस्ती नव्हती. पुढे १८३४ पासून तेथे लोक राहू लागले. बेटावर पामची दाट वने होती. त्यांतल्या एका जातीच्या झावळ्यांनी या लोकांनी आपली घरे शाकारली. तोच आजचा केंटिया. १८७० साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला 'केंटिया' या वंशात घातले होते. पुढे, १८७७ साली, त्याच्यासाठी बेटाच्या नावावरून 'होविया' हा वेगळा वंश ठरवण्यात आला. शास्त्राने नाव बदलले, पण बाजाराने जुनेच धरून ठेवले. व्यवहारात तो केंटियाच राहिला.

या बेटाची हवा आणि माती नीट समजून घेतली, तर पुढची निम्मी माहिती आपोआप कळते. बेट विषुववृत्तापासून बरेच दक्षिणेला आहे. समुद्रामुळे तेथे कडक उन्हाळा नाही आणि बर्फही नाही. हवा बाराही महिने सौम्य असते. केंटियाचे रोप उगवते ते मोठ्या झाडांच्या दाट सावलीत, आणि पहिली कित्येक वर्षे ते त्या अंधुक उजेडातच काढते. त्याच्या मुळांखालची जमीन बऱ्याच ठिकाणी प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेली, चुनखडीयुक्त आणि वाळूसारखी आहे. कितीही पाऊस पडला तरी पाणी तेथे साचून राहत नाही. सौम्य गारवा, कमी उजेड आणि उत्तम निचरा या तीन गोष्टींची सवय घेऊनच केंटिया जन्माला येतो.

(याच बेटावर केंटियाचा एक सख्खा भाऊ वाढतो. त्याची पाने अधिक कमानदार असतात. दोन्ही जाती एकाच पूर्वजापासून याच छोट्या बेटावर निर्माण झाल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने काढला. समुद्र, डोंगर असा कोणताही अडसर मध्ये नसताना एका जातीच्या दोन जाती कशा झाल्या, हा उत्क्रांतीच्या अभ्यासकांना पडलेला जुना प्रश्न आहे. येथे मातीचा फरक आणि फुलण्याच्या काळातील फरक ही कारणे पुढे आली.)

त्या काळातील इंग्लंडमधील बैठकीची खोली डोळ्यांसमोर आणा. खिडक्यांना जाड पडदे, शेगडीत दगडी कोळसा, भिंतीवर गॅसचे दिवे. उजेड कमी, हवेत धूर, आणि रात्री विस्तव विझला की खोली गार. अशा खोलीत बहुतेक झाडे काही आठवड्यांतच माना टाकीत. केंटिया मात्र टिकला. त्याला गारव्याचे आणि सावलीचे वावडे नव्हतेच. हळूहळू उपाहारगृहे, नाट्यगृहे, हॉटेले यांच्या दालनांतही केंटियाच्या कुंड्या दिसू लागल्या. मागणी वाढली, तशी लॉर्ड हाऊ बेटावरून बियांची पोती जहाजांतून रवाना होऊ लागली. बियांची विक्री हा बेटावरील लोकांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार बनला आणि त्या उत्पन्नाचा वाटा रहिवाशांना मिळू लागला.

या आधारावर १९१८ च्या जून महिन्यात घाला आला. 'मकाम्बो' नावाचे जहाज बेटाच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि त्यातील उंदीर बेटावर उतरले. तोपर्यंत त्या बेटाला उंदीर ठाऊक नव्हता. पुढील काही वर्षांत, जगात इतरत्र कोठेही नसलेल्या पाच जातींचे पक्षी तेथून कायमचे नाहीसे झाले. उंदीर पामच्या बियाही फस्त करू लागले. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावण्यात आले, त्यांना खाण्यासाठी बाहेरून घुबडे आणून सोडण्यात आली. तरीही उंदीर हटले नाहीत. अखेर १०१ वर्षांनी, २०१९ साली, संपूर्ण बेटावर विषारी आमिषे ठेवून त्यांच्या निर्मूलनाची मोठी मोहीम पार पडली. २०२१ मध्ये काही उंदीर पुन्हा आढळले, तेव्हा त्यांचाही माग काढण्यात आला.

पाठगत प्रश्न
१. पादुआ येथील पाम इतकी वर्षे कशामुळे टिकला?
२. लॉर्ड हाऊ बेटावर केंटियाला कोणत्या तीन गोष्टींची सवय लागते?
३. 'शास्त्राने नाव बदलले, पण बाजाराने जुनेच धरून ठेवले' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

आता केंटियाच्या मंदपणाकडे वळू. बी पेरल्यावर ते रुजायलाच काही महिने लागतात, कधी वर्ष उलटते. रोपाला घरात वर्षाकाठी एक ते तीन नवी पाने येतात. पुरुषभर उंचीचा केंटिया बाजारात महाग असतो याचे कारण हेच. विकत घेणारा त्या झाडावर खर्ची पडलेली वर्षे विकत घेत असतो. एकटे रोप फार किरकोळ दिसते, म्हणून रोपवाटिकेत तीन-चार रोपे एकाच कुंडीत लावून विकण्याची पद्धत आहे. पुष्कळांना ते एकच झाड वाटते.

हा मंदपणा पामच्या रचनेतून येतो. आंब्याच्या किंवा वडाच्या खोडात सालीखाली एक जिवंत थर असतो आणि त्यामुळे खोड दरवर्षी जाड होत जाते. पामच्या खोडात असा थर नसतो. म्हणून पाम आधी जमिनीलगत आपल्या खोडाची रुंदी पुरी करून घेतो आणि मगच उंची गाठू लागतो. पहिली कित्येक वर्षे खोड दिसतच नाही, पाने थेट मातीतून आल्यासारखी वाटतात. 'झाड वाढत नाही' अशी तक्रार बहुधा याच काळात ऐकू येते. वास्तविक ते वाढत असते, पण आडवे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आंब्याची फांदी तुटली तर बाजूने नवी फुटते. केंटियाच्या खोडाला वाढीचा कोंब एकच असतो आणि तो शेंड्यात, पानांच्या देठांच्या आत दडलेला असतो. हे माडाच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्यात शिरला की त्याचा जीव कासावीस होतो, कारण शेंडा गेला म्हणजे माड गेला. केंटियाचेही तसेच आहे. थंड घरात भुंग्याची भीती नसते. तेथे शेंडा जातो तो गारठ्याने आणि कुजण्याने.

थंड प्रदेशात केंटिया मरतो तेव्हा दोष थंडीला दिला जातो. परंतु बहुतेक वेळा थंडीपेक्षा पाणी त्याला मारते, आणि तेही प्रेमाने घातलेले पाणी. हे कसे घडते ते पाहू. हिवाळ्यात दिवस लहान होतो, उजेड कमी होतो. पानांचे काम मंदावते. कुंडीतील माती गार पडते, मुळे पाणी ओढेनाशी होतात आणि घातलेले पाणी मातीत तसेच राहते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असावी लागते. तेथे पाणी भरले की मुळांचा श्वास कोंडतो आणि ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी घेऊ शकत नाहीत, म्हणून पाने कोमेजतात. घरातील माणूस ती कोमेजलेली पाने पाहतो, झाडाला तहान लागली असे समजतो आणि आणखी पाणी घालतो. ओल्या मातीत उभे असलेले झाड अशा रीतीने पाण्यावाचून मरते.

म्हणून पाणी वाराच्या हिशेबाने घालू नये. 'दर रविवारी एक तांब्या' हा नियम उन्हाळ्यात ठीक असेल, पण डिसेंबरात घातक ठरतो. मातीत बोट खुपसून पाहावे. वरची दोन-तीन बोटे माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कुंडी लहान असेल तर ती किंचित उचलून पाहणे अधिक खात्रीचे. ओली कुंडी जड आणि कोरडी कुंडी हलकी, हे हाताला लवकरच कळू लागते. पाणी द्यायचे तेव्हा मात्र ते तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. नळाचे बर्फगार पाणी थेट घालू नये. ते आदल्या रात्री भरून खोलीत ठेवावे. शेंड्यात, म्हणजे पानांच्या बेचक्यात, हिवाळ्यात पाणी साचू देऊ नये.

कुंडीच्या बाबतीतही सद्भावना आडवी येते. झाड मोठे व्हावे म्हणून लहान रोपाला मोठी कुंडी दिली जाते. रोपाची मुळे थोडी, माती पुष्कळ. ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. केंटियाला थोडी अडचण चालते. मुळे तळातून डोकावू लागली की दोन-तीन वर्षांनी, वसंत ऋतूत, केवळ एक माप मोठ्या कुंडीत त्याला हलवावे. मुळांचा गोळा फोडू नये. दुखावलेली मुळे सावरायला या झाडाला फार वेळ लागतो. माती भुसभुशीत हवी. बागेतील माती, पानांचे कुजलेले खत आणि भरड वाळू यांचे मिश्रण चालते. वाळू बारीक असेल तर निचरा होण्याऐवजी माती घट्ट होते, एवढे ध्यानात ठेवावे.

जागा निवडताना थोडा विचार करावा लागतो. १८ ते २५ अंश सेल्सिअस तापमान केंटियाला मानवते. १० अंशांपर्यंत तो तक्रार करीत नाही. त्याखाली त्याला जपावे, आणि शून्याच्या आसपास त्याला कधीही ठेवू नये. खिडकीजवळ उजेड असतो, म्हणून कुंडी तेथे ठेवतात. पण हिवाळ्याच्या रात्री खिडकीची काच अतिशय गार होते आणि काचेला टेकलेली पाने काळवंडतात. रात्री कुंडी हातभर आत ओढावी. फरशी गार असेल तर कुंडीखाली लाकडी फळी ठेवावी, कारण मुळे उबदार राहणे हे पाने उबदार राहण्याहून अधिक मोलाचे आहे. दुसऱ्या टोकाला, खोली तापवणाऱ्या उपकरणाच्या शेजारीही त्याला ठेवू नये. तेथील कोरड्या हवेने पानांची टोके तपकिरी होतात आणि लाल कोळी नावाची सूक्ष्म कीड पानांच्या मागे जाळे विणते. आठवड्याला एकदा ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसली, तर धूळही जाते आणि कीडही वेळेवर दिसते. केंटियाच्या निगेत एवढेच एक काम आहे, जे कितीही प्रेमाने केले तरी त्याला बाधत नाही.

पिवळे पडू लागलेले खालचे पान कापून टाकण्याची अनेकांना घाई असते. ती करू नये. पाम आपल्या जुन्या पानातील काही पोषक द्रव्ये काढून नव्या पानाला पुरवतो. अर्धे हिरवे पान कापणे म्हणजे झाडाची शिल्लक काढून घेणे होय. वर्षाला दोनच पाने कमावणाऱ्या झाडाला हा तोटा परवडत नाही. पान पुरते वाळले की मगच ते देठाशी कापावे. खतही हिवाळ्यात देऊ नये; वसंतापासून शरदाच्या आरंभापर्यंत अधूनमधून थोडे दिले तरी पुरते.

सर्वांत कठीण गोष्ट पुढे आहे. हे झाड वाढते सावकाश, तसे दुखणेही सावकाश सांगते. डिसेंबरात शेंड्याला गारठा लागला किंवा मुळे कुजली, तरी झाड महिनोन् महिने हिरवे दिसते. खरी स्थिती कळते ती वसंतात. शेंड्यात सुईसारखे मिटलेले, सर्वांत नवे पान उभे असते. ते दोन बोटांत धरून अगदी हलके ओढून पाहावे. ते घट्ट असेल तर कोंब शाबूत आहे. पाने कितीही केविलवाणी दिसत असोत, झाडाला आशा आहे. ते सहज उपसून हातात आले आणि त्याचे टोक तपकिरी, मऊ व कुबट वासाचे निघाले, तर आत कूज पोहोचली आहे. अशा वेळी कुजलेला भाग स्वच्छ करून, ताम्रयुक्त बुरशीनाशक घालून, झाड कोरड्या व उबदार जागी ठेवून पाहता येते. क्वचित एखादे झाड काही महिन्यांनी पुन्हा पान काढते. बहुतेक काढत नाहीत. पंधरा-वीस वर्षे सांभाळलेला केंटिया एका हिवाळ्यात असा जाऊ शकतो, आणि गेलेल्या पंधरा वर्षांची भरपाई नवे रोप आणून होत नाही.

सुई घट्ट असेल, तर तिच्यावर पेनाने एक बारीक खूण करावी आणि शेजारच्या जुन्या देठावर तितक्याच उंचीला दुसरी. दोन-तीन आठवड्यांनी पाहिले असता सुईवरची खूण देठावरच्या खुणेच्या वर सरकलेली दिसते. कधी बोटभर, कधी नखभर. हिवाळा संपल्याचे ते चिन्ह असते. त्यानंतर पाण्याचे प्रमाण हळूहळू वाढवण्यास हरकत नसते.

स्वाध्याय

१. केंटिया कमी उजेडाच्या खोलीत का टिकतो, हे त्याच्या मूळ प्रदेशाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'ओल्या मातीत उभे असलेले झाड पाण्यावाचून मरते.' हे कसे घडते ते क्रमाने लिहा.
३. कारणे द्या : (अ) लहान रोपाला मोठी कुंडी देऊ नये. (आ) अर्धे हिरवे पान कापू नये. (इ) हिवाळ्याच्या रात्री कुंडी खिडकीपासून दूर घ्यावी.
४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून स्वतंत्र वाक्यांत उपयोग करा : जिवावर बेतणे, माना टाकणे, घाला येणे, फस्त करणे.
५. पाठात माड आणि केंटिया यांच्यातील कोणते साम्य सांगितले आहे? तुमच्या परिसरातील पाम कुळातील एका झाडाचे निरीक्षण करा. त्याच्या खोडावरील कडी म्हणजे गळून गेलेल्या पानांच्या खुणा होत. हाताला पोहोचतील तेवढी कडी मोजा, त्या झाडाला वर्षाला किती पाने येतात याची माहिती एखाद्या बागायतदाराला किंवा माळ्याला विचारा, आणि खोडाचा तेवढा भाग वाढायला सुमारे किती वर्षे लागली असतील याविषयी आठ-दहा ओळी लिहा.